शिक्का कुणाच्या घरी?

आमच्या वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकर सहकारी संस्थेत बावीस वर्षं कारकुनी केली. संस्था लहान. शंभर-सव्वाशे सभासद, बहुतेक घरी तेलुगू बोलणारे, चार-दोन आमच्यासारखे मराठी. सुताचा कोटा उचलायचा, सभासदांना वाटायचा, तयार चादरी-टॉवेल विकून हिशेब चुकता करायचा, एवढंच काम. पहिले चेअरमन विलक्षण सचोटीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सभेच्या चहाचे पैसेसुद्धा ते स्वतःच्या खिशातून देत. सुरुवातीला कार्यालयाला धड दार नव्हतं, म्हणून संस्थेचा शिक्का, चेकबुक आणि प्रोसिडिंग बुक ते आपल्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवू लागले. पुढे दार आलं, कुलूप आलं, लोखंडी कपाटही आलं. ट्रंक मात्र अण्णांच्या घरीच राहिली. ठराव तिथेच लिहिला जायचा आणि सभासद जाऊन सही-अंगठा करून यायचे. विचारणार कोण? अण्णांना काय विचारायचं!

अण्णा गेले. नव्या चेअरमननी पहिल्याच आठवड्यात ट्रंक आपल्या घरी नेली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण पद्धतच तशी होती. फक्त हे गृहस्थ अण्णा नव्हते. पाच-सहा वर्षांत संस्था अवसायनात निघाली. तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकांनी विचारलं, शिक्का घरी ठेवायचा ठराव कोणत्या सभेत झाला? वडिलांनी पहिल्या पानापासून सगळी प्रोसिडिंगं चाळली. तसा ठराव कधी झालाच नव्हता.

अण्णांनी आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही. तरी संस्था बुडायला सुरुवात त्यांच्यापासून झाली, असं मी म्हटलं की वडील अजूनही चिडतात.

नव्या राष्ट्राच्या पहिल्या नेत्याबद्दल बोलताना मला ही ट्रंक आठवते. आपल्याकडे या विषयावर बोलायच्या दोनच तऱ्हा उरल्यात. एक तर आरती ओवाळायची, नाही तर आज जे जे बिघडलंय त्याचं बिल त्याच्या नावाने फाडायचं. दोन्हीकडचे लोक माणसाच्या गुणांवर भांडतात: तो किती मोठा, किती त्यागी, किती चुकला. मला वाटतं, पहिल्या नेत्याला जोखायचं तर त्याची सचोटी बाजूला ठेवावी आणि एकच बघावं, त्याने कोणत्या गोष्टी बिनठरावाच्या पाडून ठेवल्या? राज्यघटना कितीही जाड असली तरी तिच्यात रिकाम्या जागा असतातच. त्या जागा पहिला माणूस आपल्या वागण्याने भरतो, आणि मग ते वागणंच नियम होऊन बसतं. तो भला असेल तर धोका जास्त, कारण त्याची वाईट सवयही त्याच्या पुण्याईच्या शालीखाली झाकून पुढच्याच्या हातात जाते.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. 1789 साली जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांना काय म्हणायचं, इथपासून तयारी होती. सिनेटमध्ये ‘हिज हायनेस’ वगैरे लांबलचक बिरुदांवर आठवडे गेले, शेवटी साधं ‘मिस्टर प्रेसिडेंट’ ठरलं. मंत्रिमंडळ हा शब्द त्यांच्या घटनेत नव्हता. जेफरसन, हॅमिल्टन, नॉक्स आणि रँडॉल्फ यांना एकत्र बसवून सल्ला घ्यायची रीत वॉशिंग्टन यांनी पाडली, तेच मंत्रिमंडळ. मला त्याहून मजेशीर वाटतो तो 22 ऑगस्ट 1789 चा दिवस. परराष्ट्रांशी वा आदिवासी राष्ट्रांशी तह करताना राष्ट्राध्यक्षाने सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ घ्यावी, असं घटना सांगते. वॉशिंग्टन सरळमार्गी, सल्ला घ्यायचा म्हणजे जाऊन घ्यायचा, म्हणून दक्षिणेकडच्या जमातींशी करायच्या तहाचे कागद घेऊन ते स्वतः सिनेटमध्ये गेले. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून घोडागाड्या खडखडत होत्या, वाचलेलं कुणाला नीट ऐकू येईना. सिनेटर म्हणाले, पुन्हा वाचा. मग कुणी म्हणालं, हे समितीकडे सोपवू. वॉशिंग्टन तडकले. मी येण्याचा हेतूच यात मातीत गेला, असं काहीसं बोलले. दोन दिवसांनी परत येऊन संमती घेतली, पण पुन्हा असा सल्ला मागायला त्या सभागृहाची पायरी ते चढले नाहीत. त्यांच्यानंतरचेही कुणी त्यासाठी गेले नाहीत. घटनेतला ‘सल्ला’ हा शब्द एका दुपारच्या वैतागात गळाला आणि दोनशेहून अधिक वर्षं फक्त ‘संमती’ उरली.

याच वॉशिंग्टननी दोन मुदती झाल्यावर घरी जायचं ठरवलं. घटनेत तसं बंधन नव्हतं, लोकांना ते हवे होते. तरी गेले. पुढे फ्रँकलिन रुझवेल्ट येईपर्यंत ती लक्ष्मणरेषा कुणाला ओलांडता आली नाही, आणि रुझवेल्ट चारदा निवडून आल्यावर 1951 मध्ये ती कायद्यात लिहून ठेवावी लागली. (हेच गृहस्थ माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर शेकडो गुलाम राबवत होते. पहिल्या माणसाने कशाकडे बघितलंच नाही, त्याचीही सवय लागते, आणि ती मोडायला त्या देशाला यादवी युद्ध लढावं लागलं.)

आता घराशेजारी येऊ. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालं की तासाभरात नळदुर्ग लागतं. 13 सप्टेंबर 1948 ला मेजर जनरल चौधरींच्या फौजा याच रस्त्याने निजामाच्या मुलखात शिरल्या. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं, पाच दिवसांत सगळा खेळ आटोपला. आमच्याकडे ही गोष्ट रणगाड्यांसाठी सांगितली जाते. मला महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा भाग. चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले आणि सव्वा वर्षात पायउतारही झाले. त्यांच्या जागी वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून आले, आणि 1952 च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचं निवडून आलेलं सरकार. एका सेनापतीने एवढं मोठं संस्थान जिंकलं, चालवलं आणि मुकाट्याने परत केलं. त्याच सुमारास दिल्लीत सरसेनापतीचा भव्य बंगला पंतप्रधानांचं निवासस्थान झाला. आपण त्याला तीन मूर्ती भवन म्हणून ओळखतो. 1955 मध्ये तिन्ही दलांचे ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनामच गेलं. बंगला बदलणं, पाटी बदलणं या बारीकसारीक गोष्टी वाटतात. नव्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं, त्यावरून पोरांना घर कुणाचं ते कळतं.

सीमेपलीकडे 1954 च्या ऑक्टोबरात नेमकं उलटं झालं. सरसेनापतिपदावर असलेले अयुब खान पाकिस्तानचे संरक्षणमंत्री झाले, गणवेशासकट. चार वर्षांनी देश त्यांच्या हातात होता.

इथे लोक जिनांना मोकळं सोडतात. ते तर 11 सप्टेंबर 1948 लाच गेले, तेरा महिन्यांत माणूस काय करणार? माझ्या मते तेरा महिने पुष्कळ झाले. जिनांनी पंतप्रधान होण्याऐवजी गव्हर्नर जनरल व्हायचं ठरवलं, घटना समितीचं अध्यक्षपदही स्वतःकडे ठेवलं. स्वातंत्र्याला आठवडा होतो न होतो तोच, 22 ऑगस्ट 1947 ला, सरहद्द प्रांतातलं डॉ. खानसाहेबांचं सरकार बरखास्त झालं. त्या सरकारला विधिमंडळात बहुमत होतं. पुढच्या एप्रिलमध्ये सिंधच्या मुख्यमंत्र्यांची पाळी आली. जिनांच्या सचोटीवर त्यांचे शत्रूही बोट ठेवत नसत, आणि प्रसंगही खरोखर बिकट होते: निर्वासितांचे लोंढे, रिकामा खजिना, कागद-पेन्सिलीशिवायची कचेरी. म्हणूनच कुणी विचारलं नाही. ट्रंक घरी गेली ती अशी. 1953 मध्ये गुलाम महंमद या गव्हर्नर जनरलने पंतप्रधान नझिमुद्दिनना घरी पाठवलं, दीड वर्षाने घटना समितीच विसर्जित केली, आणि वरच्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. गुलाम महंमद जिना नव्हते. त्यांना तसं असायची गरजही नव्हती. गव्हर्नर जनरल सरकारं पाडू शकतो हे आधीच ठरून गेलेलं होतं. प्रौढ मताधिकाराने देशभर सार्वत्रिक निवडणूक व्हायला तिथे 1970 उजाडलं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. माणसाला कशाला एवढं महत्त्व? काँग्रेसला साठ वर्षांची संघटना होती, गावोगाव कार्यकर्ते होते. मुस्लिम लीग पंजाब-सिंधच्या जमीनदारांच्या ओसरीवर उभी होती. पाकिस्तानला सैन्य मोठं आणि तिजोरी लहान मिळाली. जिनांच्या जागी कुणीही असता तरी तेच झालं असतं. यात तथ्य आहे, मी ते पुसत नाही. पण घानाचं काय? 1957 ला तो देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे पहिले नेते एन्क्रुमा यांच्याकडे भक्कम पक्ष होता, कोकोचा पैसा होता, शिकलेली मंडळी होती. दीड वर्षाच्या आत विनाचौकशी डांबायचा कायदा आला, 1964 ला एकच पक्ष उरला. त्याच कायद्याखाली जे. बी. डान्क्वा हे स्वातंत्र्यचळवळीतले ज्येष्ठ नेते तुरुंगात वारले. 1966 ला एन्क्रुमा परदेशात असताना लष्कराने त्यांना हटवलं; सरकार बदलायचा दुसरा रस्ता त्यांनी स्वतःच बुजवला होता. परिस्थिती पत्ते वाटते, मान्य. पहिला डाव कसा खेळायचा हे तरी खेळणाऱ्याच्या हातात असतं.

तर मग नेहरू. त्यांचे भक्त आणि वैरी दोघेही माझ्यावर नाराज होतील, त्याला इलाज नाही.

त्यांनी पाडलेल्या चांगल्या पद्धतींत मी पहिली निवडणूक सगळ्यांत वर ठेवतो. सुमारे सतरा कोटी मतदार, बहुसंख्यांना अक्षरओळख नाही, म्हणून बैलजोडी-झोपडी-दिव्याच्या चिन्हांवर मतदान. सुकुमार सेन या निवडणूक आयुक्तांनी 1951 च्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत हा संसार रेटला. उत्तरेत लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. सेन म्हणाले, नाव नसेल तर मत नाही, आणि सुमारे अठ्ठावीस लाख नावं गाळली. निर्णय कठोर होता, पण पंतप्रधानांनी त्यात हात घातला नाही. दुसरी गोष्ट मुंध्रा प्रकरणाची. आयुर्विमा महामंडळाचा पैसा एका सट्टेबाजाच्या कंपन्यांत कसा गेला, हे लोकसभेत काढलं फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या जावयाने आणि त्यांच्याच पक्षाच्या खासदाराने. न्यायमूर्ती छागलांनी उघड्यावर चौकशी केली, गर्दीसाठी बाहेर कर्णे लावले, आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. नेहरूंना हे अजिबात आवडलं नव्हतं. आवडलं नाही तरी चालू दिलं, ही सवय मी मोलाची मानतो. आपल्याला आवडतं ते चालू द्यायला कुणाचं काय जातं!

आता ट्रंक. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची आली. कारण पवित्र होतं, जमीनदारी मोडायची होती आणि न्यायालयं आडवी येत होती. त्या अनुसूचीत घातलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान द्यायचं नाही, अशी सोय. पहिल्यांदा तेरा कायदे होते. पुढे आकडा 284 पर्यंत गेला, आणि आणीबाणीत ज्या मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसं कोठडीत डांबली जात होती तो मिसाही त्यातच जाऊन बसला. कुळाला जमीन मिळावी म्हणून केलेल्या कोनाड्यात विरोधकाला कोंडायची किल्ली! शिवाय ही दुरुस्ती केली ती हंगामी संसदेने. प्रौढ मतदानाने निवडलेली लोकसभा यायला जेमतेम वर्ष उरलं होतं. थांबता आलं असतं.

1959 ला केरळातलं नंबुद्रीपाद सरकार बहुमत असताना बरखास्त केलं. नेहरू बरेच दिवस घुटमळले, असं त्यांच्या बाजूने सांगतात. घुटमळल्याची नोंद कायद्यात होत नाही. 1977 ला जनता सरकारने एका फटक्यात काँग्रेसची नऊ राज्य सरकारं घालवली. 1980 ला इंदिराबाईंनी परतफेड म्हणून नऊच घालवली. नेहरूंवर तोंडसुख घेणारेही त्यांनी ठेवलेलं हत्यार वापरताना हात मागे घेत नाहीत, हे मला आपल्या राजकारणातलं सर्वांत विनोदी दृश्य वाटतं.

आणि अहवाल. हैदराबादच्या कारवाईनंतर आपल्या शेजारच्या मराठवाड्यात, उस्मानाबादसकट, मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्याची पाहणी करायला सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. अहवाल आला आणि कपाटात गेला. कित्येक दशकं सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवालही तसाच. हैदराबादच्या वेळी रझाकारांच्या अत्याचारांच्या जखमा ताज्या होत्या, आग भडकू नये म्हणून झाकलं असेल, हे मी समजू शकतो. पण चौकशी नेमायची आणि तिचं फलित घरी नेऊन ठेवायचं, ही पद्धत तेव्हापासून प्रत्येक सरकारच्या अंगवळणी पडली आहे. नेमणुकीची बातमी मोठी छापून येते आणि अहवालाचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही.

मराठी माणसाला यात एक घरचा दाखला आहे. 1956 ला मुंबई केंद्रशासित करायची घोषणा पंतप्रधानांनी केली, आणि चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. त्यांचा राग मुंबईपुरता नव्हता. एवढा निर्णय मंत्रिमंडळात न मांडता झालाच कसा, हा त्यांचा सवाल होता, आणि तो त्यांनी लोकसभेत उभं राहून विचारला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून चिंतामणरावांच्या बाण्याची गाणी झाली. त्यांचा मूळ मुद्दा, प्रोसिडिंग बुकाचा, आपण विसरलो.

चार वर्षांनी महाराष्ट्र झाला. राज्य म्हणजे राष्ट्र नव्हे, पण पहिला मुख्यमंत्री हा प्रकार तोच. यशवंतराव चव्हाणांकडे अडीचच वर्षं होती, 1962 च्या नोव्हेंबरात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या अवधीत 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला, आणि 1 मे 1962 पासून परिषदा सुरू झाल्या. त्यातली एक गोष्ट मला फार हुशारीची वाटते. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं आणि परिषदेला तिचा स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी यांचा कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांकडे गेला. नव्या राज्याचा पहिला मुख्यमंत्री स्वतःच्या हातातलं काढून पंढरपूर-सांगोल्याच्या, करमाळ्याच्या माणसाला देतो, हे सोपं नाही. त्या परिषदांतून पुढे साखरसम्राट आणि घराणी निघाली हे खरं. तरी निदान आमदार व्हायला मुंबईच्या ओळखीशिवाय एक शिडी उपलब्ध झाली.

सोलापूरला या सगळ्याचं स्वतःचं एक वेगळं मोजमाप आहे. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर इथले गिरणी कामगार रस्त्यावर आले, 8 तारखेला गोळीबार झाला, पोलीस शहरातून हटले, आणि काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारी आणि बंदोबस्त पाहिला. 12 मेला मार्शल लॉ आला. पुढच्या जानेवारीच्या 12 तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. आम्ही शाळेत ‘सोलापूरने सतरा वर्षं आधी स्वातंत्र्य भोगलं’ असं छाती फुगवून म्हणायचो. त्या दिवसांचा पुढारी कोण, असं विचारलं तर आजही चार नावांखेरीज पाचवं चटकन येत नाही, आणि ते चौघे काही राज्यकर्ते नव्हते. त्या राज्याला सवयी लागायला वेळच मिळाला नाही. कदाचित म्हणूनच ते इतकं स्वच्छ आठवतं.

याच शहराच्या महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, आणि जवळजवळ चार वर्षं तिथे प्रशासक होता. जिल्हा परिषदेतही तेच. राज्यभर तेच. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचना बदलत होती, कारणं होती. कारणं नेहमी असतात. सुकुमार सेनांकडेही असती. या चार वर्षांत अंदाजपत्रक कुणी मांडलं आणि कुणी मंजूर केलं? एकाच सहीने. नळाला पाणी कधी चार दिवसांआड, कधी पाचव्या दिवशी, आणि जाब विचारायला नगरसेवक नाही. प्रशासक वाईट होता असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट ‘नगरसेवक नव्हते ते बरंच होतं, कामं तरी झाली’ असं नवी पेठेत दुकानदारांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मला अण्णा आठवले आणि पोटात गोळा आला.

2026 च्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या धामधुमीत, अखेर मतदान झालं. सभागृहात आता 102 माणसं आहेत. त्यांच्याकडे माझी मागणी छोटी आहे. प्रशासकाच्या काळात सभागृहाच्या नावाने जे जे ठराव मंजूर झाले, त्यांची तारीखवार यादी पटलावर मागवा. बरे-वाईट नंतर ठरवा. आधी प्रत्येक ठराव वाचून इतिवृत्तात घ्या, आणि ज्याला सभागृहाची मान्यता नको असेल त्याच्यापुढे तसं लिहा. काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन सभा त्यातच जातील, पेपरात फोटो येणार नाही. वडील ऐंशी पार आहेत, पण यादी करायला कुणी बसणार असेल तर ते महापालिकेच्या इंद्रभुवनात यायला तयार आहेत. प्रोसिडिंग बुक कसं वाचायचं ते त्यांना चांगलं माहीत आहे.